उन्हाळ्यात पिल्लांचा ब्रूडर : बल्ब कधी लावायचा आणि कधी बंद करायचा

एप्रिल लागला की माझ्याकडं एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. कोंबडीची पिल्लं आणून ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बनं ऊब दिलेल्या कड्यात, ठेवली, चार दिवस झाले, रोज दोन-तीन मरतायत, पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री ठेवायचं असतंय म्हणून बल्ब बरोबर लावलाय, तरी असं का होतंय? मग मी विचारते की दुपारी बल्ब चालू असतो का, तर उत्तर येतं, हो, चालूच आहे की, बंद केला तर पिल्लं गारठतील ना. पत्र्याचं शेड, दुपारचा दीड वाजलेला, बाहेर ३८ आणि आत वरनं १०० वॅटचा पिवळा बल्ब. त्या पिल्लांना पळून जायला पण जागा नाही कारण भोवती पुठ्ठ्याचं कडं. हे वाचलं की जीव कळवळतो, कारण या माणसानं काळजी घेतलेलीच असते, फक्त ती घड्याळ न बघता घेतलेली असते.

तो ३५ चा आकडा चुकीचा नाहीये. अंड्यातनं बाहेर आलेल्या पिल्लाला अंगावर नुसती लव असते, पंख नसतात, स्वतःच्या अंगाची ऊब त्याला राखता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ लागतं आणि मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्री कमी करत यायचं. पण हे ३२-३५ म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीवरचं तापमान, भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीला टांगलेल्या थर्मामीटरमधलं नव्हे. आणि पिल्लाला ऊब पाहिजे, ती बल्बनं दिली का हवेनं दिली याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दुपारी हवाच ३७-३८ असेल तर बल्बचं काम संपलं, उलट आता गारव्याचं बघायला पाहिजे.

आणि कोल्हापूरचं खरं अवघड इथंच आहे. विदर्भात मे महिन्यात रात्रसुद्धा तापलेलीच असते, तिकडं निदान एकाच बाजूची काळजी. आपल्याकडं दुपारी जीव नकोसा होतो आणि पहाटे चारला पंचगंगेच्या काठच्या गावांत पांघरूण ओढावं असं वाटतं, २२-२३ पर्यंत उतरतं. त्यात संध्याकाळी वळीव आला, वारं सुटलं, गारा पडल्या तर अर्ध्या तासात दहा-बारा डिग्री खाली. म्हणजे एकाच दिवसात पिल्लांना बल्ब नको पण असतो आणि पाहिजे पण असतो. उन्हाळी ब्रूडिंग म्हणजे माझ्या मते एवढंच आहे, दिवसाच्या या चढउताराबरोबर आपण हलत राहायचं. एकदा सेट केलं आणि झालं, असं इथं चालत नाही.

आमच्या शेजारच्या वैनींकडं दरवर्षी एखादी गावठी कोंबडी खुडूक बसतेच, आणि उन्हाळ्यात पिल्लं सांभाळायचं कुणाला शिकायचं असेल तर मी म्हणते पुस्तकाआधी त्या कोंबडीजवळ दिवसभर बसा. पहाटे सगळी पिल्लं तिच्या पोटाखाली, एखादं डोकं तेवढं पंखातनं बाहेर. आठ-नऊला ती उठून चरायला लागते, पिल्लं भोवती, दर थोड्या वेळानं ती खाली बसते, दोन मिनिटं ऊब देते आणि परत उठते. दुपारी मात्र ती शेवग्याच्या सावलीत माती उकरून खड्डा करते आणि त्या गार मातीत पंख पसरून बसते, पिल्लं तिच्या पोटाखाली जात नाहीत, शेजारी मातीत लोळतात. तिन्हीसांजेला परत सगळी आत. वैनी मला एकदा म्हणाल्या, "ताई, दुपारचं तिला डालग्याखाली कोंडायचं न्हाई, पिल्लं उकडत्यात." आता ही कोंबडी दिवसातनं कितीतरी वेळा बल्ब लावते आणि बंद करते असंच म्हणायला पाहिजे. आपल्या ब्रूडरमधला बल्ब बिचारा उठून सावलीला जाऊ शकत नाही, ते काम आपलं.

थर्मामीटर ठेवाच, पण त्याच्याआधी पिल्लांकडं बघा. बल्बच्या खाली एकावर एक चढून ढीग करून बसलीत आणि मोठ्यानं, टोचल्यासारखं ओरडतायत तर थंडी वाजतेय. बल्बपासनं लांब कडेला चिकटलीत, चोच उघडी, मानेखालचा भाग भराभर हलतोय, पंख अंगापासनं सोडलेत, आवाज जवळजवळ बंद, तर उकडतंय, आणि हे दिसल्यावर दहा मिनिटं पण थांबायचं नाही. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारं लागतंय. आणि सगळीकडं विखुरलेली, कोण खातंय, कोण पीतंय, कोण तंगड्या लांब करून आडवं झोपलंय आणि बारीक कुजबुज केल्यासारखा आवाज, तर सगळं बरोबर आहे. तंगड्या लांब करून झोपलेलं पिल्लू बघून नवीन माणसं घाबरतात, मेलं वाटतं, पण ते सुखात झोपलेलं असतं.

कोंबडीला घाम येत नाही हे लक्षात ठेवा. तिला अंगातली उष्णता बाहेर टाकायचा मोठा मार्ग म्हणजे धापा टाकणं. त्यात पाणी तर जातंच, शिवाय कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्तातला तोल बिघडतो, म्हणून नुसतं पाणी दिलं की झालं असं नसतं, दुपारच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर) टाकायचं ते यासाठी. दिवसभर नको, कडक उन्हाच्या चार-पाच तासांपुरतं, बाकी वेळ साधं पाणी.

बल्बचं अजून एक. पूर्वी पिवळा बल्ब लावला की ऊब आणि उजेड दोन्ही एकदम मिळायचं त्यामुळं कुणी वेगळा विचारच केला नाही. पण पिल्लाला या दोन वेगळ्या गोष्टी लागतात. पहिले दोन-तीन दिवस त्याला जवळजवळ चोवीस तास उजेड पाहिजे, कारण अंधारात ते खात नाही, पीत नाही. आता गरम रात्री, म्हणजे मे मध्ये आभाळ भरून आलेलं असतं आणि पानसुद्धा हलत नाही अशा रात्री, उजेडासाठी म्हणून पिवळा बल्ब चालू ठेवला तर पिल्लं भाजतात आणि उकडतंय म्हणून बंद केला तर अंधारात उपाशी राहतात. म्हणून दोन पॉइंट वेगळे काढा, एक साधा एलईडी फक्त उजेडाला आणि पिवळे बल्ब फक्त उबेला. आणि उलटं पण करू नका, काहीजण दुकानात पिवळा बल्ब मिळाला नाही म्हणून एलईडीच लावून मोकळे होतात, त्याला ऊब काही नसते, पहाटे पिल्लं ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. एक मोठा बल्ब लावण्यापेक्षा मला दोन-तीन लहान बरे वाटतात, उन्हाळ्यात पिल्लामागं १ वॅट धरलं तरी रात्रीला पुरतं (थंडीत २ धरतात), त्यामुळं ५० पिल्लांना चाळीसचा एक आणि पंधराचा एक असं केलं की एकेक बंद करता येतो आणि एक उडाला तरी दुसरा असतो. आणि बल्ब मधोमध न टांगता एका बाजूला टांगा, म्हणजे दुसरी बाजू गार राहते आणि पिल्लू स्वतःच ठरवतं कुठं बसायचं. कडं पण थंडीपेक्षा मोठं घ्या, १०० पिल्लांना थंडीत ५ फूट व्यासाचं चालतं, उन्हाळ्यात ७ फूट करा आणि तिसऱ्या दिवसापासनं वाढवत न्या. गोलच पाहिजे, कोपरा ठेवला की तिथं चेंगराचेंगरी होते.

पिल्लं येतात त्या दिवसाबद्दल. हॅचरीला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांना, सांगून पहाटेची किंवा रात्रीची गाडी धरा, दुपारच्या उन्हात टेम्पोत खोकी एकावर एक रचून आलेली पिल्लं अर्धी लढाई हरूनच आलेली असतात. पोटातल्या पिवळ्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस निघतं म्हणून प्रवास जमतो, पण ते अन्नाचं झालं, उन्हाळ्यात पाणी त्याआधीच संपतं. पाय बघा. पाण्यानं भरलेलं पिल्लू असेल तर पायाची कातडी तुकतुकीत, गुबगुबीत असते. सुकलेलं असेल तर नळीवर बारीक शीर उठून दिसते आणि कातडी कागदासारखी लागते. अशी पिल्लं दिसली की आधी पाणी, खाद्य तास-दोन तासानं. एकेक पिल्लू हातात घेऊन चोच पाण्यात बुडवायची, कंटाळा करायचा नाही, शंभर असली तरी शंभरच्या शंभर, कारण एकानं पाणी शोधलं की बाकीची बघून शिकतात हे खरं असलं तरी सुकलेल्या पिल्लात शोधायची ताकदच नसते.

पहिल्या पाण्यात गूळ घालतात, आपल्याकडं तर गुळाला तोटा नाही. लिटरला साधारण ५० ग्रॅम, पुरतं. पण पहिले चार-सहा तासच, आणि दर दोन तासाला भांडं धुऊन नवीन. या उन्हात गुळाचं पाणी लगेच आंबतं आणि सकाळी केलेलं दिवसभर ठेवलं तर त्याच पाण्यानं हगवण लागते. शिवाय मुंग्या. पिल्लांच्या डोळ्याला लागलेल्या मुंग्या मी बघितल्यात, पुन्हा बघायची इच्छा नाही, म्हणून कड्याबाहेर चुन्याची रेघ आणि सांडलेलं गोड पाणी लगेच पुसणं. पाण्याच्या भांड्यात पहिल्या आठवड्यात धुतलेले गोटे टाका म्हणजे पिल्लू बुडत नाही.

रात्री झोपायच्या आधी पाच-दहा पिल्लं उचलून गळ्याखालच्या पिशवीला बोट लावून बघायचं. मऊ, भरलेली लागली म्हणजे खाल्लंय आणि प्यायलंय. कडक, दाणे दाणे लागले तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर त्या पिल्लाला काहीच सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळजवळ सगळ्यांची भरलेली लागली पाहिजे. बोटाला एवढं कळतं, पण हे कुणी करत नाही आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लं मरायला लागली की रोग आला म्हणतात. ती उपाशी मेलेली असतात.

पाणी कुठनं येतंय ते बघा. स्लॅबवरची काळी टाकी दुपारी तापते, त्यातनं येणारं पाणी हाताला चटका देतं, आणि गरम पाणी पिल्लू पीतच नाही, चोच लावून सोडून देतं. नेमकं जेव्हा दुप्पट प्यायला पाहिजे तेव्हाच पीत नाही. टाकीवर सावली करा, पाइपला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा, थोडीच पिल्लं असतील तर सरळ माठातलं पाणी द्या. फ्रीजचं किंवा बर्फाचं लहान पिल्लांना नको, आपण हात घातल्यावर बरं वाटेल एवढंच गार. भांडी एरवीपेक्षा जास्त ठेवा, गार बाजूला ठेवा, बल्बखाली ठेवू नका, आणि दुपारी दोनदा बदला. ढुंगणाला घाण चिकटलेली पिल्लं दिसली तर ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करून पुसा.

खाद्याबाबत एक गैरसमज फिरतोय. मोठ्या कोंबड्यांना उन्हाळ्यात दुपारी खाद्य बंद ठेवतात, ते बरोबर आहे, खाल्लेलं पचताना अंगात उष्णता होते. पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला हे लावू नका. त्याच्यापुढं खाद्य कायम पाहिजे, थोडं थोडं आणि ताजं. तिसऱ्या आठवड्यापासनं मग सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, असं सरकवत न्या.

शेड पत्र्याचं असेल तर वर उसाचा पाला टाका. गळीत हंगाम संपलेला असतो, पाला फुकट पडलेला असतो, लोक शेतात पेटवून देतात त्यापेक्षा छपरावर घाला, जाड थर, वर दोरीनं बांधून, नाहीतर वळवाच्या वाऱ्यानं उडतो. फक्त बल्बची वायर आणि पाला यांचा संबंध येऊ देऊ नका, पाला आत डोकावत असेल तिथं कापा. पाला नसेल तर पत्र्याला चुना मारा, फरक पडतो. पश्चिमेच्या बाजूला ओली पोती बांधायची पद्धत चांगली आहे पण ती कोरड्या हवेतच. एप्रिलमध्ये दुपारी पोतं भिजवलं की आत येणारं वारं गार होतं. वळीव पडून गेल्यावर, हवा दमट असताना, तीच ओली पोती लावली तर आत वाफ होते, वारं अडतं आणि धाप जास्त लागते. तेव्हा पोती सोडून टाका आणि पंखा लावा, पण पंख्याचा झोत सरळ पिल्लांवर नको, वरनं हवा फिरली पाहिजे.

आता वळवाचं, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान मी त्यानंतरच बघितलंय. पाऊस येतो, लाईट जाते, हवा गार होते, ओलावा वाढतो, सगळं एका तासात. लाईट गेल्यावर लोक कोळशाची शेगडी आत ठेवून पडदे गच्च लावतात, तसं करू नका, तो धूर दिसत नसला तरी विषारी असतो, बंद जागेत पिल्लंही जातात आणि माणसालाही धोका. उन्हाळ्यातला गारठा काही तासांचा असतो, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवल्या आणि कडं थोडं लहान केलं की निभतं. वाऱ्याच्या बाजूचा पडदा खालनं लावा, वर हातभर मोकळं ठेवा.

आणि मग तूस. आजरा-चंदगडकडच्या भाताच्या गिरण्यांतनं येतं ते तूस चांगलं, दोन-तीन इंच अंथरा, पहिले दोन-तीन दिवस वर कागद. गुऱ्हाळावरची चिपाडं फुकट मिळतात म्हणून टाकू नका, लवकर बुरशी धरतात. रोज मूठभर तूस हातात दाबून बघा. मूठ उघडल्यावर मोकळं झालं तर बरं, लाडवासारखं गोळा राहिलं तर ओलं आहे, आणि ओल्या तुसात या उबेत एक-दोन दिवसांत रक्ती हगवणीचे जंतू तयार होतात. तीन आठवड्यांच्या पुढची पिल्लं असली की ती त्यात सापडतात. लाल विष्ठा, पंख पिंजारलेले, एका जागी डोळे मिटून बसलेली. दिसल्याबरोबर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, यावर अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातनं देतात, वेळेत दिलं तर वाचतात. पण त्याआधी भांड्याखालचं ओलं तूस काढून टाका, भांडं विटेवर ठेवा आणि पिल्लांच्या पाठीएवढी उंची ठेवत चला, सांडणं निम्मं कमी होतं. सकाळी एकदा तूस खालीवर करायचंच, नाहीतर अमोनियाचा वास धरतो. तुम्ही उकिडवं बसल्यावर डोळे चुरचुरले तर समजा ती पिल्लं चोवीस तास त्याच उंचीवर श्वास घेतायत.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस उन्हाळ्यात टाळतात काहीजण, पिल्लांना त्रास नको म्हणून. टाळू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (हीच मानमोडीची लस) डोळ्यात एक थेंब, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्याला लासोटा परत. फक्त पहाटे करा, बाटली बर्फातच ठेवा आणि मिसळल्यावर तास-दीड तासात संपवा, उन्हात ठेवलेली लस म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातनं देत असाल तर त्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नको, लस मरते, आणि लसीचं पाणी लगेच प्यावं म्हणून आधी पाणी काढून तहानवायचं ते थंडीत दोन तास तहानवतात तसं नको, उन्हाळ्यात तासाभराच्या आत भागतं.

आणि कळकळीनं सांगते, पहिल्या दिवसापासनं पाच दिवस अँटिबायोटिकचा डोस घालायचा हा जो प्रकार आहे तो बंद करा. उकाड्यानं मरणारं पिल्लू अँटिबायोटिकनं वाचत नाही. कोलिस्टिनवर तर आपल्या देशात २०१९ पासनं जनावरांसाठी बंदीच आहे, माणसाच्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे म्हणून. रोग असेल तर डॉक्टर बघून सांगतील. मेलेलं पिल्लू ताजं असताना घेऊन जा, उघडून बघितलं की खूप कळतं.

उन्हाळ्यात दिवसाचा बल्ब तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर बहुतेक लागत नाही, रात्रीचा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत लागतो, आणि पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात थंड, त्यामुळं दहा मिनिटं उठून बघायचंच. चार आठवडे झाले, पाठीवर पंख भरले की बाहेर सोडायला हरकत नाही, आधी काही दिवस फक्त संध्याकाळी ऊन उतरल्यावर, सावलीत पाणी भरून ठेवून. पश्चिमेला काळं आभाळ दिसलं की सगळी आत घ्या, मानेवरची आणि पोटाखालची पिसं अजून भरलेली नसतात, वळवात भिजलेलं पिल्लू उन्हाळ्यातच न्यूमोनियानं जातं.